तांब्यापासून कार्ल्यापर्यंत: पुण्यात कला, कलेचा इतिहास आणि डिझाइन शिकायला निघताना

बारावीचा निकाल लागला की कलेकडे वळणाऱ्या मुलांचा पहिला गोंधळ नावांवरून होतो. बीएफए, बीडेस, एटीडी, कलेचा इतिहास हे सगळं घरच्यांना ‘ड्रॉइंगचं काहीतरी’ वाटतं, आणि मुलांनाही त्यातला फरक बऱ्याचदा फी भरल्यावर कळतो. तो आधी कळावा म्हणून एक सोपा उपाय आहे. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि अडकित्त्यांच्या कपाटासमोर अर्धा तास उभे राहा. एखाद्या अडकित्त्याचं वळण, त्यावरची पितळी चमक कागदावर उतरवावीशी वाटली तर रंगकला किंवा शिल्पकला तुमची. हा कुणी, कधी, कुणासाठी घडवला असेल, त्याला असाच आकार का दिला असेल, हे डोक्यात घोळायला लागलं तर कलेचा इतिहास. मूठ बोटांना काचत असेल का, पात्याखालून सुपारी निसटत असेल का, असा प्रश्न पडला तर डिझाइन. आणि या अडकित्त्यांच्या प्रदर्शनाचं पोस्टर सुचायला लागलं तर उपयोजित कला.

बीएफए म्हणजे ललित कलेची पदवी, बीडेस म्हणजे डिझाइनची; दोन्ही चार वर्षांच्या. बीएफएसाठी पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय ही परिचित नावं. राज्यातल्या बीएफएच्या जागांसाठी सीईटी सेलची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. बीडेससाठी विमाननगरला सिम्बायोसिसची डिझाइन संस्था आहे, लोणी काळभोरला एमआयटीची आहे. खासगी विद्यापीठांच्या परीक्षा वेगवेगळ्या असतात, आयआयटी मुंबईची यूसीड वेगळी आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) वेगळी. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं असेल तर एटीडी. कलेचा इतिहास मुख्य विषय म्हणून घ्यायचा असेल त्यांनी दोन ठिकाणं जरूर बघावीत. एक बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. दुसरं आपलं डेक्कन कॉलेज, जिथे प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयात एमए करता येतं. म्हणजे आधी कुठल्याही शाखेची पदवी आणि मग इतिहास, हा रस्ता उघडा आहे. पात्रता आणि तारखा मात्र दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या. सीनियरच्या आठवणीवर विसंबून अर्ज चुकवणारे दरवर्षी भेटतात.

प्रवेश परीक्षा: तांब्या नीट काढता आला पाहिजे

एएसी सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्यांना हे विषय ओळखीचे वाटतात, आणि तिथेच गाफीलपणा येतो. ग्रेड परीक्षेत चालून गेलेलं चित्र इथे चालत नाही.

वस्तुचित्रासाठी घरातला तांब्या, एक कांदा आणि चुरगळलेला पंचा एवढं पुरे. टेबलावर मांडा, दिवा किंवा खिडकी एकाच बाजूला ठेवा, दुसरा उजेड बंद करा. पेन्सिल हातात धरून हात पूर्ण ताठ करा, कोपर अजिबात वाकू देऊ नका, एक डोळा मिटा. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्यानं मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. ‘मोजलं तरी चुकलं’ अशी तक्रार करणाऱ्यांचं कोपरच पाहावं.

मग मध्यरेषा मारा. तांब्याच्या तोंडाचं वर्तुळ आपल्याला लंबगोल दिसतं, कारण ते डोळ्यांच्या पातळीखाली असतं. बुडाचं वर्तुळ त्याहूनही खाली असतं, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा, जास्त फुगीर दिसतो. बहुतेक मुलं बूड सरळ रेघेनं संपवतात, कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना ठाऊक असतं. हात ठाऊक असलेलं काढतो. त्याला दिसलेलं काढायला लावणं हीच या पेपरची सगळी मेहनत. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लंबगोलाची टोकं डोळ्याच्या कोपऱ्यासारखी अणकुचीदार होतात. लंबगोलाला टोक नसतंच, तिथे लहानशी का होईना, गोलाई असते. कागद उलटा धरून बघा, डावी-उजवी बाजू कुठे कमी-जास्त झालीय ते लगेच डोळ्यात भरतं.

सरावाला घड्याळ लावा आणि तासाभरात चित्र संपवा: पहिली 10 मिनिटं मांडणी आणि मापं, पुढची 15 बांधणी, 25 मिनिटं छायाप्रकाश, उरलेली पार्श्वभूमी आणि सावल्या. वस्तूखालची, टेबलाला टेकते तिथली सावली सगळ्यात गडद असते. ती राहून गेली की तांब्या अधांतरी दिसतो. एचबी पेन्सिलीनं बांधणी, 2बी आणि 4बीनं छटा, 6बी फक्त शेवटच्या गडद जागांना. बोटानं घासून गुळगुळीत करण्याची सवय आजच सोडा. तेलकट डाग पडतात आणि सगळ्या छटा एकाच करड्या रंगाच्या होतात.

स्मरणचित्रासाठी महात्मा फुले मंडईत जा. 1886 सालची ती दगडी इमारत मागे उभी असते आणि पुढे हवी तितकी माणसं. एका जागी उभे राहून फक्त डोकी बघा. सपाट जमिनीवर तुमच्याएवढ्या उंचीच्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, आणि ती रेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. लांबच्या माणसाचे पाय वर सरकतात, डोकं तिथेच राहतं. बसलेल्या भाजीवाल्या मावशी रेषेखाली, हमालाच्या डोक्यावरची पाटी रेषेच्या वर. एवढा एक नियम पाळला तरी चित्रातली गर्दी जमिनीवर उभी राहते. तो नाही पाळला की मागची माणसं पतंगासारखी तरंगतात. रोज 10 आकृत्या, प्रत्येकी दोन मिनिटं, चेहरे न काढता. महिन्यात 300 होतात, आणि फरक दुसऱ्याच आठवड्यात दिसायला लागतो.

संकल्पचित्रात घात करतो तो पोस्टर कलर. रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ हवा. पातळ झाला तर पट्टे दिसतात, घट्ट झाला तर वाळल्यावर तडे जातात आणि टिकल्या निघतात. एका आकाराला लागेल त्याच्या दीडपट रंग एकदम कालवून ठेवा, कारण संपलेली छटा तशीच्या तशी पुन्हा जमत नाही. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय वरचा लावू नका, नाहीतर खालचा रंग विरघळून वर येतो. पांढऱ्या रंगाच्या दोन बाटल्या घ्या. बाकीचे वर्षभर पुरतात, पांढरा दोन महिन्यांत संपतो.

पोर्टफोलिओ

पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच. डिझाइनच्या मुलाखतीला 15 ते 20 कामं पुरतात. सगळ्यात चांगलं काम पहिलं, दुसऱ्या क्रमांकाचं शेवटी. मोबाइलवरून बघून काढलेले नटनट्यांचे चेहरे काढून टाका. परीक्षकांनी ते हजारदा पाहिलेले असतात आणि त्यातून तुमच्या नजरेबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी एकाच वस्तूची सहा पानं ठेवा: सायकलचा ब्रेक, स्टोव्हचा बर्नर, आजीच्या पानाच्या डब्याची बिजागरी. ती कशी चालते हे तुम्ही शोधलंत, चुकलात, पुन्हा काढलंत, हे त्या सहा पानांत दिसतं. चुकलेली पानं फाडू नका, तीच विचारली जातात.

कामांचे फोटो दिवसा, खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात घ्या. कागद भिंतीला सपाट लावा, कॅमेरा कागदाच्या मध्यासमोर, कागदाला समांतर धरा. फ्लॅशनं पेन्सिल चमकते आणि गडद भाग पांढरे दिसतात. ट्यूबलाइटखाली कागद निळसर येतो.

सामान

सामान अप्पा बळवंत चौकात आणि आसपासच्या गल्ल्यांत मिळतं. पहिल्या दिवशी सगळं घेऊ नका. हाफ इम्पिरियल, म्हणजे 15 बाय 22 इंचांचा कागद बसेल असा बोर्ड, कार्ट्रिज शीट, ए4चं एक जाड आणि ए5चं एक खिशात मावणारं स्केचबुक, गोल ब्रश 2, 6 आणि 10 नंबरचे, अर्ध्या इंचाचा एक चपटा, स्टीलची पट्टी, कटर, मास्किंग टेप. कटर प्लॅस्टिकच्या पट्टीवर चालवू नका. पट्टी कापली जाते आणि पातं घसरून बोटावर येतं. बाकीचं सर-मॅडम सांगतील तसं.

कलेचा इतिहास: आधी जागेवर, मग पुस्तकात

या विषयावर जरा जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त हाल याचेच होतात. प्रॅक्टिकलच्या धामधुमीत थिअरी म्हणून तो बाजूला पडतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नोट्सची झेरॉक्स काढून पाठ केला जातो. त्या नोट्समध्ये ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘अप्रतिम’ हे शब्द पानोपानी असतात आणि खांब अष्टकोनी होता की चौकोनी हे कुठेच नसतं. पुण्यात राहून असा इतिहास शिकावा लागणं हे खरंच दुःखाचं आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची कामं इथे लोकलच्या तिकिटात बघायला मिळतात.

सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरपासून करा. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं. सोबत आलेखाचा कागद, पेन्सिल आणि वही. फोन पहिला तासभर पिशवीत. आधी स्वतःचं पाऊल मोजा: घराच्या अंगणात 10 मीटर अंतर आखून ते किती पावलांत जातं ते पाहा. मग अंगणातला गोल नंदीमंडप, सभामंडप, खांबांच्या ओळी पावलांनी मोजून आराखडा काढा. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरा. आराखडा काढताना आपोआप असे प्रश्न पडतात जे नुसतं बघताना पडत नाहीत: खांबांमधलं अंतर सारखं आहे का? मंडप गोल, मग त्याचे खांब चौकोनी का? दगडांचे सांधे कुठे आहेत? सांधे नाहीतच, कारण हे बांधलेलं नाही. खडक वरून खाली कोरत नेला आणि जे ठेवायचं ते ठेवलं. बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो, इथे ती सोय नव्हती. जाड, साधे, चौकोनी खांब पुन्हा बघा, म्हणजे कोरणाऱ्यानं किती जपून काम केलंय ते जाणवेल. छिन्नीच्या खुणा दिसतील तिथे त्यांची दिशा टिपा. काम कुठे अर्धवट राहिलंय तेही शोधा. अर्धवट जागा पद्धत सांगते, पूर्ण झालेली जागा ती लपवते.

घरी आल्यावर त्याच रात्री 300 शब्द लिहा. नियम एकच: एकही कौतुकाचा शब्द नको. माप, आकार, पदार्थ, उजेड, काय कशाशेजारी आहे एवढंच. मराठीत लिहा. इंग्रजीत जमा करायचं असलं तरी पहिलं लेखन ज्या भाषेत आपण बघतो त्या भाषेत झालं की डोळ्यांनी टिपलेलं निसटत नाही. मग पुस्तक उघडा आणि तुम्ही पाहिलेलं आणि लेखकानं सांगितलेलं जिथे जुळत नाही तिथे खूण करा. त्या खुणांमधूनच पुढे निबंधाचा विषय निघतो.

दुसरा धडा मळवलीला. पुणे-लोणावळा लोकलनं उतरलं की एका बाजूला भाजे, महामार्गापलीकडे कार्ले, दोन्ही बौद्ध लेणी. एका दिवसात दोन्ही होतात, पण क्रम महत्त्वाचा: आधी भाजे, मग कार्ले. भाजे जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले खांब साधे अष्टकोनी आहेत आणि आत कललेले आहेत. खांबासमोर पेन्सिल सरळ उभी धरून पाहा, कल स्पष्ट कळतो. दगडाला असं कलण्याची काहीच गरज नाही. लाकडी मांडवात छताचा भार सावरायला खांब तिरके रोवत, ती सवय दगडात तशीच उतरली. वरच्या कमानीत लाकडी फासळ्याही बसवलेल्या आहेत, दगडी छताला त्यांचा काहीही आधार नाही. मग कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात या. लांबी सुमारे 38 मीटर, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब. इथे खांब सरळ उभे राहिलेत, खाली घट, वर घंटेसारखं शीर्ष आणि त्यावर प्राण्यांवर बसलेली जोडपी. पण स्तूपाच्या मागे जा. तिथले सात खांब पुन्हा साधे, अष्टकोनी. दर्शनी भाग नटवला आणि मागचा जुन्या वळणाचाच ठेवला. हे आपल्या डोळ्यांनी टिपलं की ‘शैलीचा विकास’ या विषयावर दहा गुणांचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

रविवार टाळा. कार्ल्याला एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, खांबासमोर दोन मिनिटंही उभं राहता येत नाही. दोन्ही लेण्यांची तोंडं साधारण पश्चिमेकडे असल्यानं दुपारनंतरच उजेड आत येतो. सकाळी जाऊन ‘काही दिसलंच नाही’ म्हणत परतू नका. कोरीव कामाला हात लावू नका आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा मोह आवरा.

तिसरी जागा सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपती मंदिर, 1770 साली पूर्ण झालेलं. दर्शनी भिंतीवर साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि परदेशी वेशातले शिपाई कोरलेले आहेत. आता याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. 1790च्या नोव्हेंबरात गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारानं पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला. ते चित्र येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तांबट हे पेशव्यांच्या दरबारातले इंग्रज प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी काम करत, आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली इथली मुलं पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकली तेही त्याच दशकात. दोन गेंड्यांची कातडी, घड्या, पाय, शिंगाची जागा शेजारी शेजारी मांडा. कोणत्या कलाकारानं समोर पाहून काढलं असावं, कुणी सांगोवांगी किंवा ठरलेल्या साच्यातून, आणि हे कशावरून म्हणता? या प्रश्नावर सहा पानांचा निबंध सहज होतो, आणि तो कुठल्याही झेरॉक्समध्ये सापडणार नाही.

सनावळ्या लक्षात राहत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण उपाय भिंतीवर आहे. कागदाची लांब पट्टी लावा, एक शतक म्हणजे 10 सेंटिमीटर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून आजपर्यंत अडीच मीटरपेक्षा थोडं कमीच होतं, एका भिंतीत मावतं. 1850 नंतर गर्दी होते म्हणून त्या काळाची वेगळी पट्टी, एक दशक म्हणजे 10 सेंटिमीटर. तिच्यावर 1857 साली मुंबईचं जे. जे. स्कूल, 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी उभी केलेली चित्रशाळा, 1894 साली घाटकोपरला सुरू झालेला रविवर्म्याचा शिळाछापखाना. तो छापखाना पुढे मळवलीलाच हलवला गेला. दोन हजार वर्षांच्या अंतरानं एकाच स्टेशनाजवळ, एकीकडे दगडात कोरलेलं चैत्यगृह आणि दुसरीकडे दगडावरून छापलेली लक्ष्मी-सरस्वती. अशा गाठी पट्टीवर दिसल्या की सन डोक्यात आपोआप बसतो.

आठवड्याला सहा कार्डं करा. पुढे चित्र, मागे काळ, ठिकाण, पदार्थ, आणि ‘हे दुसऱ्या काळातलं का नाही’ याचं एका ओळीत कारण. स्लाइड ओळखण्याच्या परीक्षेत न पाहिलेलं काम आलं तर ती शेवटची ओळच कामाला येते.

डिझाइन आणि ज्युरी

पहिल्या प्रोजेक्टला मुलं ‘पुण्याची वाहतूक’ असा विषय घेतात आणि तिथेच बुडतात. विषय हाताच्या ओंजळीत मावेल एवढा घ्या: पावसात स्कूटरवरून ए3 पोर्टफोलिओ कसा न्यायचा, मंडईतल्या मावशी सुट्टे पैसे कुठे ठेवतात. आधी दोन दिवस नुसतं बघा, पाच माणसांशी बोला, आणि त्या काळात उपायाचं एकही चित्र काढू नका. लवकर सुचलेल्या उपायावर जीव जडतो आणि मग बघणं थांबतं. त्यानंतर पुठ्ठ्याचं, खऱ्या मापाचं मॉडेल करून त्याच माणसांच्या हातात द्या. गप्प बसा. कसं धरायचं हे समजावून सांगावं लागलं तर ते मॉडेल नापास. संगणकावर केलेलं चकचकीत चित्र, म्हणजे रेंडर, सगळ्यात शेवटी. ते आधी केलं की चूक सापडली तरी बदलायला हात धजत नाही.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, पाच मिनिटं मिळतील असं धरून तयारी करा: काय पाहिलं, अडचण नेमकी कुठे होती, कोणते तीन पर्याय सोडले आणि का, मग अंतिम काम. सोडलेल्या पर्यायांवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, त्यांची मॉडेल्स टेबलाखाली तयार ठेवा. ‘मला आवडलं म्हणून’ हे उत्तर देऊ नका. दोन रंगांपैकी एक निवडला असेल तरी तो किती अंतरावरून वाचता आला हे मोजून आणा.

पहिलं सबमिशन बहुधा पावसाळ्यात येतं. कागद सादळतो, पेन्सिल त्यात रुतते, खोडलं की तंतू निघतात, रंग वाळायला दुप्पट वेळ घेतो. कोरे कागद कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सपाट ठेवा. गुंडाळी केली की बाक जात नाही. डिंकानं माउंट केलेलं चित्र दमट हवेत फुगतं, म्हणून चारही कडांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून माउंट करा आणि रात्रभर वर जाड पुस्तकं ठेवा. घरून निघताना दोन पिशव्या, आतली तोंड खाली करून घातलेली आणि बाहेरची तोंड वर.